दुखते, पण दिसत नाही

थंडी सुरू झाली की आमच्या कन्हानला बायकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं. "पोरीचे हातपाय लय दुखून रायले, बाई." बचत गटाची बैठक असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो की रेशनच्या दुकानासमोरची रांग असो. मग ज्याचं त्याचं निदान सुरू होतं. कुणी म्हणते वात आहे, कुणी म्हणते वाढीचं वय आहे, हाडं ताणतात. कुणी मीठमोहरी ओवाळायला सांगते. घरातल्या एखाद्या मोठ्या बाईचं मत मात्र ठरलेलं असतं, "कामाच्या वेळीच बरे दुखतात हिचे पाय!"

हे शेवटचं वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं. ताप असला तर थर्मामीटर सांगतो. दुखण्याला मात्र पुरावा नसतो. दुखणाऱ्यानं सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं विश्वास ठेवायचा, एवढंच. त्यात दुखणारी मुलगी असली, सून असली, तर विश्वास ठेवणारं माणूस शोधावं लागतं. पण मैत्रिणींनो, आपण राहतो विदर्भात. इथे एखाद्या लेकराचे हातपाय, पाठ, पोट पुन्हा पुन्हा दुखत असेल, डोळे अधूनमधून पिवळे दिसत असतील, रक्त नेहमी कमी भरत असेल, तर नजर उतरवण्याच्या आधी एक तपासणी करायलाच हवी. ती म्हणजे सिकलसेलची.

नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, आशाताई सांगून गेलेली असते. पण "सिकलसेल म्हणजे काय गं?" असं विचारलं की उत्तर येतं, "रक्त कमी होते थो." थोडं बरोबर आहे, पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. धान कापायचा विळा असतो ना, तोच. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीकशा रक्तनळीतूनही दबून, वाकून पलीकडे निघून जातात. सिकलसेलच्या माणसाच्या पेशीतलं हिमोग्लोबिन जरा वेगळं असतं. प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली की हे हिमोग्लोबिन आतल्या आत एकमेकाला चिकटतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. मग ती बारीक नळीत अडकते, तिच्या मागे दुसरी, तिसरी. जबलपूर हायवेवर एक ट्रक आडवा झाला की मागे काय होतं ते आपण कन्हानकरांना सांगायला नको! दूध अडतं, भाजी अडते, अॅम्ब्युलन्सही अडते. तसंच नळीच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग अक्षरशः ओरडायला लागतो. डॉक्टर याला क्रायसिस म्हणतात. कुणाला हा त्रास काही तास होतो, कुणाला आठवडाभर. ज्यांनी बाळंतकळा आणि क्रायसिस दोन्ही सोसल्या आहेत अशा बायकांशी मी बोलले आहे. त्या म्हणतात, बाळंतपण परवडलं, त्याला शेवट तरी आहे.

शिवाय साधी तांबडी पेशी जवळजवळ १२० दिवस जगते, विळ्यासारखी झालेली पेशी दहावीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि म्हणूनच डोळे पिवळे. पुष्कळ घरांत ही कावीळ समजून गळ्यात माळ घालतात आणि एक वर्ष निघून जातं.

हा आजार तसा जुना. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० मध्ये वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशींचं पहिल्यांदा वर्णन केलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी आपल्या मध्य भारतातल्या रुग्णांवर 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिलं. म्हणजे आपल्या भागाचं नाव या आजाराच्या इतिहासात साठहून जास्त वर्षांपूर्वीच लागलं होतं. आमच्या आज्यांना मात्र कुणी सांगितलं नाही.

हा अमुक जातीचा आजार, असं काही लोक दबक्या आवाजात म्हणतात. त्यांना एवढंच सांगते, की याचं मूळ जातीत नाही, जंगलात आणि डासांत आहे. ज्याच्या शरीरात या दोषाचा एकच हिस्सा असतो, त्याला जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. म्हणून जिथे शेकडो वर्षं मलेरिया होता, तिथे ही माणसं जगली, वाचली आणि त्यांच्या लेकरांत हा दोष उतरत गेला. आफ्रिकेत तसंच, अरबस्तानात तसंच, गोंडवनात तसंच. आमच्या भागात गोंड, बौद्ध, तेली, कुणबी अशा कितीतरी घरांत तो आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांनी ऐट मिरवण्यासारखं यात काही नाही.

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव लिहीत नाही. आमच्या बचत गटातल्या एका बाईची ती मुलगी. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील खाणीत ठेकेदाराकडे. मुलगी सहा-सात महिन्यांची असतानाच तिच्या हातापायांची बोटं सुजली होती, तेव्हा कुणी तरी विंचू चावला असेल म्हणाले. (सिकलसेलच्या बाळात ही सूज अगदी ठरलेली खूण आहे. आईच्या पोटातून येणारं हिमोग्लोबिन पहिले काही महिने बाळाला सांभाळतं, ते कमी झालं की त्रास सुरू होतो.) पुढे दर हिवाळ्यात दुखणं, दर उन्हाळ्यात दुखणं. आमचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर. शाळेतून पायी आली की रात्री गडबडा लोळायची. गावात एक सुई मारणारे होते. दोनशे रुपयांत सुई, दोन दिवस आराम, तिसऱ्या दिवशी दुप्पट दुखणं. त्या सुईत काय असायचं ते त्या बाईला आजही माहीत नाही. मेडिकलच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असल्या सुयांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं, आणि सिकलसेलच्या माणसाला ते मनानं देणं धोक्याचं. थोडा वेळ बरं वाटून क्रायसिस उलटून येते, हाडांवरही परिणाम होतो.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि डावा पाय ओढून चालायला लागली. आजी म्हणाली, "नाटकं करून रायली, लग्नाचं पाहाले लागल्यावर कोन करन हिले?" पाय दुखतो त्याचं कुणाला नाही, लंगडते त्याचं मात्र सगळ्यांना!

तपासणी तशी फार सोपी असते. बोटाला टोचून दोन थेंब रक्त घेतात, एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं तर पुढची पक्की तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. त्यात कळतं की दोष एका बाजूनं आहे की दोन्ही बाजूंनी. एका बाजूनं असेल तर ती व्यक्ती वाहक. तिला सहसा काही त्रास नसतो, औषध लागत नाही. दोन्ही बाजूंनी असेल तर ती रुग्ण. आपल्याकडे "सिकलसेल निघाला" एवढंच सांगून लोक घरी येतात आणि वाहक असलेली धडधाकट पोर उगाच अंथरुणाला खिळवतात. म्हणून कागदावर काय लिहिलं आहे, एएस की एसएस, हे विचारूनच बाहेर पडावं.

ही मुलगी एसएस निघाली.

मेडिकलला (म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) तिला हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल सुरू झाली. या औषधाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हे वेदनाशामक नाही. दुखत असताना घेतलं तर दुखणं थांबत नाही. हे रोज घ्यायचं असतं, दुखत नसतानासुद्धा, म्हणजे दुखणं येणार नाही किंवा कमी येईल. बाळपणीचं जे हिमोग्लोबिन पहिले काही महिने सांभाळतं, ते या औषधानं पुन्हा थोडं वाढतं आणि पेशी वाकड्या होण्याचं प्रमाण घटतं. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात साधी गोळी घेणाऱ्यांना वर्षाकाठी साडेचार क्रायसिस आल्या, तर हे औषध घेणाऱ्यांना अडीच.

आणि आपल्या नागपूरचं काम तर याहून लक्षात ठेवण्यासारखं आहे. मेडिकलच्या बालरोग विभागातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार त्रास असलेल्या साठ मुलांवर अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी साधी गोळी. डोस परदेशापेक्षा कमी ठेवला, वजनाच्या दर किलोला दहा मिलिग्रॅम. ज्या मुलांना वर्षाला सरासरी बारा वेळा क्रायसिस यायची, त्यांची सरासरी वर्षाला एकाच्याही खाली आली. बारा वेळा म्हणजे दर महिन्याला एक! दर महिन्याला शाळा बुडणं, आईची मजुरी बुडणं, दवाखान्याच्या गॅलरीत सतरंजी टाकून झोपणं. ते जवळपास थांबलं. डोस कमी म्हणजे खर्च कमी, तपासण्यांचा ताणही कमी. गरिबांच्या मुलांसाठी गरिबांच्याच दवाखान्यात निघालेलं हे उत्तर आहे, आणि ते कुणी फार गाजवलं नाही.

पण औषध घरात आलं आणि आठवडाभरात बंद पडलं. का? औषधाच्या दुकानात कुणी तरी म्हणालं, "हे तर कॅन्सरचं औषध आहे." खरं आहे, काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही ते वापरतात. पण म्हणून सिकलसेलच्या पोरीला कॅन्सर झाला असं होत नाही. आई घाबरली, आजीनं कॅप्सूल उकिरड्यावर फेकली. तिला परत सुरू करायला दोन महिने गेले. आम्ही दोघी-तिघी घरी जाऊन बसलो, चहा झाला, भांडणही झालं. शेवटी वडिलांनीच ठरवलं. या औषधाला काही नियम आहेत. सुरुवातीला दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. मूल हवं असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, आणि हे नवऱ्यालाही लागू आहे. मनानं सुरू करायचं नाही, मनानं बंद करायचं नाही.

वर्षभरात तिच्या क्रायसिस कमी झाल्या. डावा पाय मात्र लंगडतच राहिला.

एक्स-रे काढल्यावर कळलं की खुब्याचा गोळा खराब होत आहे. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, ते कमरेच्या खोबणीत फिरतं. त्या गोळ्याला रक्त देणाऱ्या नळ्या आधीच बारीक. तिथे पेशी अडकल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो आणि हळूहळू गोळा चपटा होतो. आता हे दुखणं येऊन जाणारं नसतं. रोजचं असतं. सकाळी उठताना, बसून उठताना, जिना चढताना. डॉक्टर याला जुनाट वेदना म्हणतात, आणि गोळी हा काही तिच्यावरचा कायमचा उपाय नाही. ब्रुफेन, डायक्लोसारख्या गोळ्या मूठमूठ खाल्ल्या तर मूत्रपिंड बिघडतं, आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंड तसंही नाजूक असतं.

इथे कामी आली ती फिजिओथेरपी. आपल्याकडे 'फिजिओ' म्हटलं की मशीननं शेकणं, एवढंच डोक्यात असतं. घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "दुखणाऱ्या पायाले व्यायाम? अजून मोडन नं!" प्रश्न काही वेडा नाही. पण सांधा कमजोर झाला की त्याच्याभोवतीचे स्नायूच त्याचा भार उचलतात. पाय न हलवता पडून राहिलं तर स्नायू सुकतात, सगळा भार त्या मेलेल्या हाडावर येतो आणि सांधा आखडतो. म्हणून क्रायसिस चालू असेल तेव्हा आराम, आणि ती ओसरली की हळूहळू हालचाल.

तिला दिलेले व्यायाम अगदी घरगुती होते. पाठीवर झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि तो गुडघ्यानं खाली दाबून पाच अंक मोजायचे. कुशीवर वळून वरचा पाय सरळ उचलायचा. गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. उड्या नाहीत, दोरी नाही, डोक्यावर हंडा नाही. प्रत्येकाचा सांधा वेगळा, त्यामुळे इथे वाचून कुणी करू नये, एकदा दाखवून घ्यावं.

आणि काठी. काठी कुठल्या हातात धरायची हे तुम्ही विचारून पाहा, दहापैकी नऊ जणी दुखणाऱ्या बाजूला म्हणतील. चूक! डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. म्हणजे डावा पाय टेकताना शरीराचा भार उजवीकडे काठीवर जातो आणि खुब्याची ओढ कमी होते. मुलीनं काठीला साफ नकार दिला. वर्गातली मुलं चिडवतील म्हणाली. तिचं काय चुकलं? चौदा वर्षांच्या पोरीला काठी म्हणजे म्हातारपण. शेवटी घरात आणि अंगणात काठी, शाळेत मैत्रिणीचा खांदा, असा तिनंच तोडगा काढला. फिजिओवाल्या बाई हसल्या, म्हणाल्या, "खांदा बरोबर बाजूचा धर म्हणजे झालं."

या व्यायामानं फरक पडतो का? अमेरिकेत २००६ मध्ये याच दुखण्याचा, म्हणजे सिकलसेलमुळे खराब झालेल्या खुब्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांच्या हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया केली आणि व्यायामही दिला, काहींना नुसता व्यायाम. सरासरी तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत शंभरातले ऐंशीहून जास्त खुबे पुढची शस्त्रक्रिया न लागता टिकून होते, आणि दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. रुग्ण थोडे होते, त्यामुळे शस्त्रक्रिया कधीच नको असा याचा अर्थ नाही. पण टॉवेल दाबण्याचा तो साधा व्यायाम काही फालतू नाही, एवढं नक्की. गोळा पूर्ण चपटा झाला, रात्रीची झोप उडाली, तर सांधा बदलावा लागतो. त्यानं दुखणं पुष्कळच जातं. पण सिकलसेलच्या रुग्णात जंतुसंसर्गाचा आणि सांधा सैल होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, शिवाय तरुणपणी बसवलेला सांधा जन्मभर पुरत नाही. म्हणून डॉक्टर होईल तितकं पुढे ढकलतात. सरकारी योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं, लाजू नये.

घरातले बदल मात्र आपल्याच हातात असतात, आणि त्यांची चर्चा दवाखान्यात कमीच होते. आपलं सगळं जगणं जमिनीवरचं. उकिडवं बसून भांडी, उकिडवं बसून कपडे, मांडी घालून जेवण, खाली वाकून झाडू-पोछा, आणि संडासही उकिडवाच. खुबा खराब असलेल्या पोरीला यातलं प्रत्येक काम म्हणजे शिक्षा. त्या बाईनं एक जुनी प्लास्टिकची खुर्ची मधोमध कापून संडासात ठेवली, खर्च शून्य. भांडी घासायला विटांचा ओटा केला. लांब दांड्याचा झाडू आणला. नंतर गंमत अशी झाली की त्या ओट्यावर आजीच जास्त वेळ दिसायला लागली, तिचेही गुडघे दुखतातच की!

क्रायसिस आली तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं. भरपूर पाणी, ताक, शरबत. ऊबदार पांघरूण, दुखऱ्या जागी कोमट शेक. बर्फ कधीच नाही, थंडीनं नळ्या आणखी आवळतात. डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर. फॉलिक अॅसिडची गोळी तर रोजचीच. आणि पुढलं काही दिसलं तर घरी बसायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. १०१ च्या वर ताप. छातीत दुखणं, धाप लागणं. एकदम पांढरं पडणं, पोटात डाव्या बाजूला फुगवटा. एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. लहान मुलालाही या आजारात अर्धांगवायू होऊ शकतो, हे फार थोड्या आयांना माहीत असतं. मुलग्यांच्या बाबतीत लघवीच्या जागी तासन्‌तास ताठरपणा आणि वेदना, हेही तातडीचं. मुलगा लाजून सांगत नाही, आईनंच विचारावं.

दवाखान्यात कधी कधी वेगळंच ऐकायला मिळतं. "सारखी इंजेक्शनं मागतात, सवय लागली आहे." एका दवाखान्यात माझ्यासमोर एका तरुण मुलाला असं सुनावलं गेलं. तो घामानं भिजला होता, दात आवळून पडला होता. तीव्र क्रायसिसमध्ये मॉर्फिनसारखं औषध लागू शकतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देणं ही व्यसनाधीनता नव्हे. दुखणाऱ्याला आरडाओरडा केला तर नाटकी म्हणायचं, आणि गप्प पडून राहिला तर "एवढं काही दुखत नाही" म्हणायचं. त्यानं करायचं काय?

लग्नाचा विषय निघतोच, तो टाळून चालणार नाही. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळ रुग्ण होण्याची, चारात दोन वाहक होण्याची, चारात एक अगदी निर्दोष असण्याची. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. पहिलं मूल रुग्ण झालं, आता पुढली तीन चांगली होतील, असा हिशेब लावून बसलेली घरं मी पाहिली आहेत. आणि सगळ्यात संताप येतो तो "सुनेच्या माहेरून आला" या वाक्याचा. एसएस मूल झालं याचा अर्थच असा, की दोष दोन्हीकडून आला. अर्धा नवऱ्याचा! हे सासूसमोर कागदावर काढून दाखवावं लागतं, गोल आणि अर्धगोल रंगवून. मी काढते. काही सासवा उठून जातात, काही विचारतात, "म्हणजे माह्याकडूनबी असन?"

पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतो, तेव्हा रक्ताचाही कागद बघायला काय हरकत आहे? दोघांतला एक जरी निर्दोष असला तर मूल या आजाराचं रुग्ण होत नाही, म्हणजे वाहक मुलीचं लग्नच होऊ नये असं मुळीच नाही. दोन्ही वाहकांचं लग्न आधीच झालं असेल तर दिवस राहिल्यावर दहा-बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी लवकर नाव नोंदवायला हवं. आणि रुग्ण मुलीचंही बाळंतपण होऊ शकतं, जोखमीचं असतं, पण मोठ्या दवाखान्यात सुरुवातीपासून नाव घातलं तर होतं.

नागपुरात या आजारावर लोकांमध्ये जाऊन काम करणाऱ्यांत संपत रामटेके यांचं नाव घ्यावंच लागेल. घरातच हा आजार पाहिलेला हा माणूस, सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून वर्षानुवर्षं रुग्णांसाठी झटला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती मरणोत्तर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये सिकलसेल आला, त्यामागे अशा कितीतरी जणांचा रेटा आहे. म्हणजे आता दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागता येतं. एस.टी.च्या सवलतींतही सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. परदेशात २०२३ च्या शेवटी जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत वीस लाख डॉलरच्या वर. तो आकडा मी आमच्या गटात वाचून दाखवला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "आधी पाण्याचं बघा."

ती पाण्याचं का म्हणाली, ते सांगते. सिकलसेलच्या मुलांना पाणी भरपूर प्यावं लागतं, आणि त्यांचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे त्यांना लघवीलाही वारंवार जावं लागतं. मोठी मुलंही अंथरूण ओलं करतात ती त्यामुळेच, आणि त्याबद्दल मार खातात. आमची ही मुलगी शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती. तिची कॅप्सूल चालू, व्यायाम चालू, तरी उन्हाळ्यात क्रायसिस का येते ते कुणाला कळेना. एक दिवस आईनं दप्तरातली बाटली पाहिली, सकाळी भरून दिली तशीच. विचारलं तर म्हणाली, "संडासाले कडी नाही. दोघी जणी बाहेर उभ्या ठेवा लागतात. पाणी पिलं तर जा लागते."

आम्ही चौघी शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, निधीला मागणी केली आहे. आम्ही म्हटलं, निधी येईल तेव्हा येईल. बाजारातून कड्या आणल्या, गटातल्या एकीचा नवरा सुतार आहे, त्यानं रविवारी तीन दारांना बसवून दिल्या. एका दाराचा खालचा पत्रा गंजला होता, तोही बदलला. नळाला पाणी दुपारी येत नव्हतं, म्हणून एक ड्रम ठेवला आणि तो भरायची पाळी लावली. वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी लिहून दिली, की या मुलीला तासाच्या मध्येच पाणी प्यायला आणि बाहेर जायला परवानगी असावी, आणि थंडीत सकाळच्या प्रार्थनेला तिला उघड्यावर उभं करू नये. बाईंनी ती हजेरीपटात चिकटवली. आठ दिवसांनी त्याच शाळेतल्या आणखी दोन मुलींच्या आया आमच्याकडे आल्या, त्यांनाही तशीच चिठ्ठी हवी होती.